एम८७चं कडं घरच्या लॅपटॉपवर कसं काढायचं

ठाण्याच्या गच्चीवरून एम८७ या दीर्घिकेतलं कृष्णविवर आणि त्याभोवतीचं उजळ कडं टिपता येणार नाही, हे आधीच सांगून टाकू. जुलैत मोठी सर आली की डीटीएचचं चित्र अडकतं, आणि त्या लहरी अडीच सेंटिमीटरच्या. जगभरच्या रेडिओ डिश जोडून हे कडं टिपणाऱ्या इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या (ईएचटी) लहरी १.३ मिलिमीटरच्या; त्यांना अडवायला हवेतली वाफही पुरते. शिवाय ठाणे ते बेलापूर सरळ रेषेत २० किलोमीटर धरले, तर दोन डिशना मिळून १३,००० मायक्रोआर्कसेकंदांपर्यंतच बारकावा दिसेल (एक मायक्रोआर्कसेकंद म्हणजे अंशाच्या ३,६००व्या भागाचा दहा लाखावा भाग). कडं आहे ४२चं.

प्रतिमा मात्र घरी जुळवता येते. एप्रिल २०१७च्या निरीक्षणांचा कॅलिब्रेट केलेला डेटा खुला आहे, पायथॉनची ‘ईएचटी-इमेजिंग’ लायब्ररीही फुकट आहे. फाइलच्या नावात तारखेऐवजी वर्षातला कितवा दिवस ते असतं. १०१ घ्या, म्हणजे ११ एप्रिल. १०० नको, त्या दिवशी स्कॅन (निरीक्षणाचे तुकडे) सगळ्यांत कमी.

चौकट १२८ मायक्रोआर्कसेकंदांची, ६४ × ६४ पिक्सेल. सुरुवातीला ४० मायक्रोआर्कसेकंदांचा गोल गॉसियन (कडेला विरत जाणारा) ठिपका द्या, एकूण तेज ०.६ जान्स्की (रेडिओ तेजाचं एकक). इथे हमखास फसगत होते: चिलीतल्या अल्मा आणि अपेक्स या दुर्बिणी इतक्या जवळ आहेत की त्यांना पसरलेला जेटही दिसतो आणि तेज १.१ जान्स्कीच्या आसपास भरतं. तसंच ठेवलं तर चौकटभर धुरळा उठतो. ०.१ गिगालॅम्ब्डापेक्षा (१० कोटी लहरलांबींपेक्षा) जवळच्या दुर्बिणींच्या जोड्यांचं तेज ०.६वर आणा.

पहिल्या फेरीत नुसते फेज (लहर किती पुढे-मागे आहे ते) वापरू नका, क्लोजर फेज (तीन दुर्बिणींच्या त्रिकोणातल्या फेजची बेरीज) वापरा. समजा चिलीवरच्या हवेने अल्माचा फेज ३० अंशांनी ढळला. अल्मा, मेक्सिको, ॲरिझोना या त्रिकोणात तो एका बाजूत +३०, दुसरीत –३० असा येतो. तिन्ही बाजूंची बेरीज केली की उडून जातो. फक्त क्लोजरला जागेचं भान नसतं. कडं कोपऱ्यात सरकलं तर मध्यावर आणा.

मग प्रतिमा जरा धूसर करून तीच सुरुवात म्हणून पुन्हा द्या. दोन-तीन फेऱ्यांनंतरच सेल्फ-कॅलिब्रेशन (प्रतिमेच्या आधारे दुर्बिणींच्या चुका दुरुस्त करणं). घाई केलीत तर डेटा तुमच्याच ठिपक्याच्या मापाचा होऊन बसतो. मेक्सिकोच्या एलएमटी दुर्बिणीचे गेन (सिग्नल किती पटीने कमी-जास्त येतो ते) सगळ्यांत डळमळीत, त्यांना मोकळीक जास्त द्या.

काय-स्क्वेअर (प्रतिमा डेटाशी किती जुळते त्याचं माप) १च्या आसपास हवा; फार खाली गेला तर नॉइजचंच चित्र काढताय. आता ठिपक्याऐवजी सपाट चकती देऊन सगळं पुन्हा चालवा. तरीही मध्ये काळोख आणि दक्षिणेकडची बाजू उजळ आली, तर कडं डेटातलंच आहे.