संहती काढताना या चुका टाळा : घोळ बहुतेकदा छेदात असतो

अकरावीच्या वह्यांत संहतीचं, म्हणजे द्रावणात पदार्थ किती प्रमाणात विरघळलाय याचं, सूत्र सहसा बरोबर असतं. चुकतं ते छेदात काय घालायचं हे.

खुल्या समुद्राच्या १ किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात (पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी यापेक्षा बरेच कमी). यावर ‘१ लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ टाका, झालं ३.५ टक्के’ असं उत्तर हमखास येतं. पण तो किलो क्षारांसकटचा आहे; निव्वळ पाणी ९६५ ग्रॅमच. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम टाकलंत तर द्रावण १०३५ ग्रॅम होतं आणि टक्केवारी ३.३८.

मोलॅरिटी म्हणजे दर लिटर द्रावणात पदार्थाचे किती मोल (एक मोल म्हणजे रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम); तिच्या छेदातही पूर्ण द्रावणच येतं, तेही लिटरमध्ये. म्हणून मीठ थोड्या पाण्यात विरघळवून घ्यायचं आणि मग फ्लास्कच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. मोलॅलिटीच्या छेदात मात्र फक्त द्रावकाचे, म्हणजे ज्यात विरघळवलं त्या पाण्याचे, किलो.

मिलिलिटरचे लिटर न करणं ही सर्वांत जुनी खोड. ५.८५ ग्रॅम मीठ म्हणजे ०.१ मोल, २५० मिली द्रावणात ते ०.४ मोलर. २५० नेच भागलं की ०.०००४ येतं. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड सुमारे ०.५५ मोलर असतं, मग चमचाभर मिठाचं पाव लिटर पाणी जवळजवळ अळणी कसं असेल? उत्तर लिहिल्यावर एवढा विचार केला तरी निम्म्या चुका तिथेच सापडतील.

मोरचूद (कॉपर सल्फेट) कोकणात घरोघरी माहीत, कारण पोफळीवरच्या कोळे रोगासाठी १ टक्का बोर्डो मिश्रण : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. ते निळे स्फटिक पाच रेणू पाणी धरून असतात, म्हणून रेणुवस्तुमान २४९.७ घ्यायचं, १५९.६ हे निर्जल, पांढऱ्या भुकटीचं. ०.१ मोलर लिटरभर द्रावणासाठी २४.९७ ग्रॅम स्फटिक लागतात. १५.९६ ग्रॅम घेतलेत तर संहती ०.०६४ वरच थांबते, आणि पुढचं टायट्रेशन (माहीत संहतीच्या द्रावणाने दुसऱ्याची संहती मोजणं) कितीही मन लावून केलं तरी आकडा जुळत नाही. बाटलीवरचं सूत्र आधी वाचा, मग तराजूकडे जा.

दहापट विरळ करायचं तर १० मिली द्रावण एकूण १०० मिली करा. त्या १० मिलीत १०० मिली पाणी ओतलंत की ते अकरापट विरळ होतं.