एसी, टीव्ही, पंखा : सगळ्यांचे रिमोट मोबाइलमध्ये

परभणीच्या मे महिन्यात मध्यरात्री एसीचा रिमोट गादीखाली, उशीखाली शोधणं हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम होता. मोबाइल मात्र उशाशीच असायचा. म्हणून सगळे रिमोट मोबाइलमध्ये आणायचा हा खटाटोप केला.

सामान थोडंच लागतं: नोडएमसीयू (ईएसपी८२६६) हा वाय-फाय असलेला छोटा बोर्ड, ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलईडी, रिमोटचा इशारा पकडणारा ३८ किलोहर्ट्झचा आयआर (इन्फ्रारेड) रिसीव्हर, २एन२२२२ ट्रान्झिस्टर, १ किलोओहम आणि ४७ ओहमचे रेझिस्टर, बोर्डाला वीज द्यायला जुना मोबाइल चार्जर.

एलईडी थेट बोर्डाच्या पिनला जोडू नका. मी जोडला होता. टीव्हीला हात लावता येईल इतक्या जवळ गेलं तरच चालायचा. डी२ पिनपासून १ किलोओहममधून ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी बेसला जा. एमिटर ग्राउंडला, कलेक्टर एलईडीच्या आखूड पायाला. लांब पाय ४७ ओहममधून ५ व्होल्टला. रिसीव्हरला ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड द्या, आउटपुट डी५ला.

आर्डुइनो आयडीई या बोर्डावर प्रोग्राम चढवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आयआररिमोटईएसपी८२६६ लायब्ररी (तयार कोडचा संच) टाका. तिच्या उदाहरणांतला कोड पकडणारा प्रोग्राम चढवा आणि जुना रिमोट रिसीव्हरसमोर धरा. प्रत्येक बटण दोन-तीनदा दाबून संगणकाच्या पडद्यावर आकडा तोच येतो का बघा, मगच वहीत उतरवा.

बोर्डाकडून हेच आकडे पाठवले की टीव्हीचं भागतं. एसी मात्र वेगळा. त्याचा रिमोट दर वेळी तापमान, मोड, पंख्याचा वेग अशी अख्खी स्थिती पाठवतो. २४ वर असताना ‘वाढव’चा कोड पकडलात, तर ते बटण कायम २५च करणार. त्यामुळे लायब्ररीत तुमच्या कंपनीचा एसी असेल, तर कोड नकलण्याऐवजी त्यातूनच तापमान ठरवा.

मग बोर्डावर छोटं वेबपेज ठेवून बटणं मांडा. वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झचंच हवं. आपल्याकडे लाइट गेली-आली की राउटर बोर्डाला नवा पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) देऊ शकतो आणि मोबाइलमधलं पान उघडत नाही; राउटरमध्ये बोर्डाचा पत्ता आधीच पक्का करून टाका.

बटण दाबून काहीच घडलं नाही, तर मोबाइलचा सेल्फी कॅमेरा एलईडीवर धरा. जांभळट लुकलुक दिसली तर जोडणी ठीक, कोड चुकलाय.

बिनरिमोटच्या कूलरला यातलं काही लागू नाही. त्याला रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच लागतो, आणि २३० व्होल्टचं ते काम वायरमनकडूनच करून घ्या.

इन्फ्रारेड भिंतीपार जात नाही. माळवदाच्या घरात तर जाड भिंतींपुढे वाय-फायही दमतं. खोली बदलली की दुसरा बोर्ड धरूनच चाला.