उंदरांची बिळं धुरवताना

आदल्या संध्याकाळी बांधावरची सगळी बिळं ओल्या मातीनं लिंपा. सकाळी जी उकरलेली दिसतील, तीच जिवंत. धूर फक्त तिथेच. तोंड गुळगुळीत, ताजी माती नाही, लेंड्या नाहीत, तर आत साप असू शकतो. ते बीळ सोडून द्या.

हातपंख्याच्या धुरणीत (नळीतून धूर सोडणाऱ्या डब्यात) आधी सुकं काड पेटवा, निखारा धरला की वरून ओलसर पेंढा किंवा अर्धवट वाळलेली शेणी घाला. नळी बिळाच्या तोंडात खुपसून भोवती चिखल दाबा आणि पंखा फिरवा. थोड्याच वेळात दुसऱ्या कुठल्या तरी तोंडातून धूर येतो. ते लगेच बुजवा, मग आणखी काही मिनिटं पंखा चालू ठेवा. पळवाटा बुजवायला आणि काठी घेऊन उभं राहायला दुसरा माणूस हवाच.

फसतं कुठे? उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात. धूर भेगांतून निघून जातो, उंदीर आत सुखात. पाऊस किंवा पाण्याची पाळी झाल्यावर, वाफसा आला (माती ओलसर, पण चिखल नाही) की करा. घूस तर आतूनच माती लोटून वाट बंद करते. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा लिंपून तपासा. पाचटाजवळ किंवा पिकलेल्या गव्हाशेजारी धुरणी पेटवू नका.

बिळात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या विषारी गोळ्या मात्र स्वतः वापरू नका. ओलाव्यानं सुटणाऱ्या फॉस्फिन वायूवर उतारा नाही, विक्रीवरही निर्बंध आहेत. ते काम परवानाधारक कीडनियंत्रकाचं, आणि घरा-गोठ्यालगत तर त्यानंही करू नये.