सांता क्लारा विद्यापीठ : अर्ज करण्यापूर्वी काय तपासावे

अमेरिकेतील कॅथलिक विद्यापीठाचे नाव निघाले की मराठी घरांत पहिली शंका बहुधा धर्माविषयीच येते, म्हणून तपासणीची सुरुवात तिथूनच करावी. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा हे खासगी विद्यापीठ जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या धर्मगुरूंनी १८५१ मध्ये स्थापन केले आणि १७७७ साली सुरू झालेल्या स्पॅनिश मिशनचे, म्हणजे धर्मप्रसार केंद्राचे, चर्च आजही त्याच्या आवारात आहे. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ मध्ये याच संघाने सुरू केले. तिथे शिकलेले कोणी ओळखीचे असेल, तर जेझुइट संस्थेत इतर धर्मांचे विद्यार्थी कसे वावरतात, हे त्यांना जरूर विचारावे. सांता क्लारातही प्रवेशासाठी कॅथलिक असण्याची अट नाही.

माहितीपत्रकातील छायाचित्रांपेक्षा कोअर करिक्युलम, म्हणजे सर्व शाखांना बंधनकारक असलेला सामायिक अभ्यासक्रम, शांतपणे वाचावा. विद्यापीठाचा खरा स्वभाव तिथेच कळतो. अभियांत्रिकी घेतली तरी चिकित्सक विचार आणि लेखन यांचे वर्ग चुकत नाहीत, धर्म आणि संस्कृती या विषयांचेही अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात, शिवाय समाजातील उपेक्षित घटकांसोबत प्रत्यक्ष काम करण्याची एक अट असते. धर्माचे वर्ग हे उपासनेचे नव्हेत, अभ्यासाचे असतात. ज्या विद्यार्थ्याला केवळ संगणकशास्त्रच शिकायचे आहे आणि बाकी सारे ओझे वाटते, त्याने दुसरे विद्यापीठ निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला अल्गोरिदमबरोबर नीतिशास्त्रही वाचावेसे वाटते, त्याला सिलिकॉन व्हॅलीच्या मधोमध असे शिक्षण मिळणे ही मोठीच संधी आहे.

वर्षाची विभागणीही पाहावी. शरद, हिवाळा आणि वसंत अशा तीन सत्रांत, प्रत्येकी सुमारे दहा आठवडे शिकवणी चालते. आपल्याकडच्या सहामाहीची सवय असलेल्या विद्यार्थ्याचा पहिला महिना रुळण्यातच गेला, तर सत्राचा मोठा भाग हातचा जातो.

अर्ज कॉमन ॲपवरून, म्हणजे एकाच अर्जाने अनेक अमेरिकी विद्यापीठांकडे अर्ज करण्याच्या ऑनलाइन सोयीतून, करता येतो. खर्च मोजताना केवळ शिक्षणशुल्क न धरता निवास, भोजन, आरोग्य विमा आणि विमानप्रवास धरावा, आणि परदेशी विद्यार्थ्यांना कोणती शिष्यवृत्ती मिळू शकते, हे प्रवेश कार्यालयाकडून ईमेलने लेखी विचारून घ्यावे, कारण अमेरिकी सरकारची आर्थिक मदत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्यांना मिळत नाही. ‘अर्ली डिसिजन’ हा लवकर अर्ज करण्याचा पर्याय बंधनकारक असल्याने, म्हणजे प्रवेश मिळाल्यास तिथेच जावे लागत असल्याने, इतर विद्यापीठांच्या शिष्यवृत्तीशी तुलना करायची असेल, तर तो निवडू नये.