बूट चावू नये म्हणून

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने उतरायचं. पहिल्या वर्षी उतरताना माझं अंगठ्याशेजारचं बोट चुरचुरायला लागलं. आता थोडंच राहिलंय म्हणत मी दामटलं. घरी मोजा सोलून काढला तर बोटाच्या टोकाला वाटाण्याएवढा फोड. बूट जुनेच, रुळलेले. पण बोटांपुढे जागा नव्हती आणि मोजे सुती होते.

फोड नुसत्या घासण्याने येत नाही. प्रत्येक पावलाला आतलं हाड सरकतं, कातडी मात्र मोज्याला चिकटून राहते. या ओढाताणीत कातडीचे थर सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. दमट कातडी सर्वांत जास्त चिकटते. म्हणून घाम आणि बुटातलं सरकणं, या दोघांचा बंदोबस्त करायचा.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय जरा फुगलेले असतात. धावायचे मोजे घालूनच मापून बघा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढी जागा हवी.

मग लेस. बरेच फोड इथेच टळू शकतात, आणि याकडे कुणी बघत नाही. बुटाच्या गळ्याशी एक जादा भोक असतं. लेस त्याच बाजूच्या त्या भोकात बाहेरून आत घाला, पण पूर्ण ओढू नका, छोटी कडी ठेवा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आता प्रत्येक टोक समोरच्या कडीतून ओवून खाली ओढा आणि गाठ मारा. टाच जागेवर बसते. चढावर ती उचलली जात नाही, उतारावर बोटं पुढे आदळत नाहीत.

मोजे पॉलिस्टर किंवा नायलॉनचे घ्या. सुती मोजा घाम धरून ठेवतो. बोटं एकमेकांना घासत असतील तर पाच बोटांचे मोजे मिळतात. दिसतात विचित्र, पण काम करतात.

नेहमी फोड येतो त्या जागी थोड्या अंतरासाठी व्हॅसलिन पुरतं. लांब पल्ल्याला ते पुसलं जातं, तेव्हा औषधाच्या दुकानातली साधी कागदी चिकटपट्टी बरी. स्वच्छ, कोरड्या कातडीवर एकच थर, सुरकुती न पडू देता लावा. पट्टीखाली व्हॅसलिन नको, ती सुटून येईल.

धावताना चुरचुरलं की तिथेच थांबा. खडा झटका, मोजा सरळ करा, पट्टी लावा. दोन मिनिटं जातील.

तरीही फोड आलाच तर लहान असल्यास फोडू नका, झाकून ठेवा. मधुमेह असेल, किंवा आजूबाजूला लाली-पू दिसला, तर घरगुती उपाय सोडून डॉक्टरांना दाखवा.