संशोधनाच्या डेटा सेंटरमध्ये ऑपरेशन्सचं काम करायचं असेल तर

वेबसाइट किंवा पेमेंटच्या सिस्टिम सांभाळून संशोधनाच्या डेटा सेंटरमध्ये येणारे लोक हुशार असतात, लिनक्स त्यांना चांगलं येतं, तरी पहिले काही महिने ते गोंधळतात. सर्व्हर चालू, डॅशबोर्ड हिरवा, एरर शून्य, आणि तरीही शास्त्रज्ञ म्हणतो की मंगळवारपासूनचा सगळा डेटा टाकून द्यावा लागेल. आपल्या कामात 'चालू आहे' हे उत्तर पुरत नाही. जे बाहेर पडतंय ते बरोबर आहे का, हे बघणं हाही ऑपरेशन्सचाच भाग आहे, आणि माझ्या मते तोच मोठा भाग आहे.

कामाचा साधारण ओघ असा. दुर्बीण, उपग्रह किंवा प्रयोगशाळेतल्या उपकरणाकडून कच्चा डेटा येतो. त्याचं कॅलिब्रेशन होतं, म्हणजे उपकरणाचे स्वतःचे दोष त्यातून काढले जातात. मग त्यातून प्रतिमा, मोजमापं, कॅटलॉग तयार होतात आणि शेवटी सगळं आर्काइव्हमध्ये जातं, जिथून जगभरचे संशोधक ते उतरवून घेतात. पाइपलाइनचा, म्हणजे या सगळ्या टप्प्यांचा, कोड बहुतेक वेळा शास्त्रज्ञ आणि डेव्हलपर लिहितात. तो रोज, वेळेवर, न चुकता चालवणं, अडला तर सोडवणं आणि काय झालं याची नोंद ठेवणं हे आपलं काम. चिलीतल्या रुबिन वेधशाळेचं उदाहरण घ्या. एका रात्रीत सुमारे २० टेराबाइट डेटा, आकाशात काही बदललेलं दिसलं की ६० सेकंदांच्या आत जगाला सूचना द्यायचं उद्दिष्ट, आणि हे दहा वर्षं चालवायची योजना. तिथे आजची रात्र हुकली तर उद्या दुप्पट काम करून भरपाई होत नाही. काल फुटलेला तारा परत फुटत नाही.

म्हणून कच्च्या डेटाबद्दल मी फार कडक आहे. तो आला की त्याचा चेकसम (फाइल बदलली का हे ओळखायचा आकडा) काढायचा, दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवायच्या, आणि त्यावर लिहिण्याची परवानगी कुणालाही द्यायची नाही, आपल्याला स्वतःलासुद्धा. पुढचं सगळं त्यातून पुन्हा बनवता येतं, कच्चा डेटा मात्र नाही.

आता मूक बिघाडाबद्दल. जॉब, म्हणजे मशीनला दिलेलं एक काम, शून्य एक्झिट कोड ('काही चुकलं नाही' अशी खूण) देऊन संपतो, लॉगमध्ये 'यशस्वी' असं लिहिलेलं असतं, आणि आउटपुट फाइल अर्धी असते. किंवा फाइल पूर्ण असते, पण एका कॉलममध्ये सगळीकडे 'नॅन' ('ही संख्या नाही' अशी खूण) भरलेलं असतं, कारण कॅलिब्रेशनची फाइल सापडली नाही आणि कोडने गुपचूप रिकामं मूल्य धरलं. नेहमी सहा तास घेणारा जॉब चाळीस मिनिटांत आटोपला तर आनंद मानू नका, आधी आउटपुट उघडून बघा. प्रत्येक टप्प्याला साध्या तपासण्या लावून ठेवा: आत किती फाइली गेल्या, बाहेर किती आल्या, ओळी किती, किमान-कमाल मूल्यं कुठे आहेत, कालच्या तुलनेत सरासरी किती सरकली. यात भारी तंत्रज्ञान काहीच नाही. पण या मर्यादा कुठे ठेवायच्या हे शास्त्रज्ञाला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि तो प्रश्न विचारायला संकोच करणारे लोक या कामात मागे पडतात.

वेळेचं प्रकरण स्वतंत्रपणे शिकून घ्या. सर्व्हरची घड्याळं यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवायची, हे झालंच. पण उपकरणं जीपीएसची वेळ देतात, जी २०१७ पासून यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. खगोलशास्त्रात टीएआय (आंतरराष्ट्रीय अणुवेळ) वापरतात, ती ३७ सेकंद पुढे. पृथ्वीजवळच्या कक्षेतला उपग्रह एका सेकंदात जमिनीवरचं साधारण सात किलोमीटर अंतर ओलांडतो. १८ सेकंदांची गफलत झाली तर प्रतिमा शंभराहून जास्त किलोमीटर भलतीकडे बसते, आणि सॉफ्टवेअरच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नसतं. डेटाच्या हेडरमध्ये (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत) वेळ कोणत्या पद्धतीची आहे हे लिहिलेलं नसेल, तर तो डेटा पुढे जाऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट जी बाहेरून येणाऱ्यांना नवी वाटते, ती म्हणजे सगळं पुन्हा चालवणं. ताऱ्यांची मोजमापं घेणाऱ्या युरोपच्या गाया उपग्रहाने २०१३ मध्ये उड्डाण केलं आणि २०२२ मधल्या तिसऱ्या डेटा रिलीजमध्ये सुमारे १८० कोटी खगोलीय स्रोत होते. तो मागच्या रिलीजला जोडलेला नवा तुकडा नव्हता. पहिल्या ३४ महिन्यांच्या सगळ्या निरीक्षणांवर, आधी वापरलेल्यांसकट, सुधारित पद्धतीने सुरुवातीपासून प्रक्रिया करून तो तयार झाला. याचा ऑपरेशन्ससाठी अर्थ असा की प्रत्येक आउटपुटसोबत कोडची कोणती आवृत्ती, कोणती कॅलिब्रेशन फाइल, कोणते पॅरामीटर आणि कोणता कंटेनर (कोड आणि त्याला लागणारं सॉफ्टवेअर एकत्र बांधलेलं पॅकेज) वापरला हे नोंदलेलं असायलाच हवं. तीन वर्षांनी कुणीतरी विचारणार आहे की या ताऱ्याची तेजस्विता दोन रिलीजमध्ये वेगळी का. तेव्हा आपली नोंद हाच एकमेव साक्षीदार असतो. घाईच्या वेळी प्रॉडक्शन मशीनवर जाऊन हाताने एक ओळ बदलण्याचा मोह होतो. तो टाळा, कितीही छोटी ओळ असली तरी.

डेटा पुसण्याच्या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या सुपरकंप्युटरवर सुमारे ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला. १४ संशोधन गटांच्या जवळपास ३ कोटी ४० लाख फाइली गेल्या आणि चार गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत मिळाला नाही. कारण वाचाल तर अंगावर काटा येईल. जुने लॉग पुसणारी बॅकअपची एक शेल स्क्रिप्ट (आज्ञांची यादी असलेली फाइल) होती. ती चालू असतानाच तिच्या जागी सुधारित फाइल ठेवली गेली. बॅश, म्हणजे अशा आज्ञा चालवणारं सॉफ्टवेअर, स्क्रिप्ट आधी पूर्ण वाचून घेत नाही, चालता चालता वाचत जातं. त्यामुळे नव्या फाइलचा मधलाच भाग चालला, व्हेरिएबल रिकामं राहिलं, आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फाइली पुसल्या गेल्या. सुधारणा करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, स्क्रिप्ट वाचायला सोपी करायची होती. यातून थेट घ्यायच्या सवयी: रिकामं व्हेरिएबल दिसताच स्क्रिप्ट थांबेल असा पर्याय सुरुवातीलाच लावणं, चालू स्क्रिप्टवर दुसरी फाइल न लिहिणं, पुसण्याआधी यादी छापून ती दुसऱ्या माणसाकडून वाचून घेणं, आणि पुसण्याऐवजी आधी वेगळ्या फोल्डरमध्ये हलवून काही दिवस थांबणं. डिस्क भरत आली म्हणून घाईने केलेली साफसफाई हा माझ्या दृष्टीने या नोकरीतला सर्वात धोक्याचा क्षण आहे.

क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांवर, बहुतेक ठिकाणी स्लर्म हे जॉबची रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर भेटेल. रांग कशी चालते, फेअरशेअर (प्रत्येकाचा मशीनवरचा न्याय्य वाटा) म्हणजे काय, एखादा जॉब का अडकून पडलाय, हे संशोधकाला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. लस्टरसारख्या समांतर (अनेक सर्व्हरवर मिळून फाइली ठेवणाऱ्या) फाइल सिस्टिमवर लाखो बारीक फाइली एकाच फोल्डरमध्ये टाकल्या की मेटाडेटा सर्व्हर (कोणती फाइल कुठे आहे याची नोंद ठेवणारा) गुदमरतो आणि सगळ्यांचंच काम मंदावतं. हे करणारा विद्यार्थी बहुधा प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यात असतो. त्याचा अकाउंट बंद करून मेल टाकणं सोपं आहे. मी आधी फोन करतो आणि त्या फाइली एका एचडीएफ५ (बराच डेटा एकत्र ठेवणाऱ्या प्रकारच्या) फाइलमध्ये कशा बांधायच्या ते बसून दाखवतो. त्याने पुढच्या शंभर तक्रारी टळतात, आणि खरं तर ते संशोधन पुढे जावं यासाठीच आपण तिथे असतो.

ऑन-कॉल, म्हणजे कामाच्या वेळेबाहेरही बोलावलं तर हजर होणं, असतंच. कशासाठी रात्री उठायचं आणि काय सकाळपर्यंत थांबू शकतं, हे आधी लिहून ठेवलेलं असावं. उपकरणाकडून येणारा डेटा थांबला किंवा त्याच्या तात्पुरत्या साठ्याची जागा संपत आली तर लगेच उठायचं. आर्काइव्हची शोध-सेवा संथ झाली तर सहसा सकाळी बघता येतं.

तयारीबद्दल थोडक्यात: लिनक्स, बॅश, पायथन, एसक्यूएल, गिट, आणि एखादी मॉनिटरिंगची व्यवस्था, उदाहरणार्थ प्रोमिथियस आणि ग्राफाना. त्यापेक्षा उपयोगी पडेल तो सराव सांगतो. गायाचा आर्काइव्ह आणि सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेचं ओपन डेटा पोर्टल सर्वांसाठी खुलं आहे. तिथून थोडा डेटा उतरवा, चेकसम तपासा, काहीतरी साधं मोजा, निकाल टेबलमध्ये भरा. मग हे काम चालू असताना मुद्दाम मधेच बंद पाडा. पुन्हा सुरू केल्यावर तेच आउटपुट, दोनदा न भरता, मिळतं का ते बघा. मिळेपर्यंत सुधारत राहा. मुलाखतीत हे नीट समजावून सांगणारा उमेदवार मला प्रमाणपत्रांच्या यादीपेक्षा जास्त भावतो.

या नोकऱ्या बऱ्याचदा प्रकल्पाच्या निधीवर चालतात, म्हणजे करार काही वर्षांचा असतो. पगार व्यापारी कंपन्यांइतका नसतो आणि शोधनिबंधावर तुमचं नाव येईलच असं नाही. हे रुजू होण्याआधी स्पष्ट विचारून घ्या. त्याच बैठकीत आणखी दोन प्रश्न विचारा: बॅकअपमधून खराखुरा डेटा परत आणून शेवटचं कधी पाहिलं, आणि पाइपलाइनचा निकाल चुकीचा आहे हे इथे सर्वात आधी कुणाला कळतं? पहिल्याचं उत्तर तारखेसकट आलं आणि दुसऱ्याच्या उत्तरात ऑपरेशन्सच्या टीमचं नाव असलं, तर तिथे रुजू व्हा.