घराचा नकाशा काढण्यापूर्वी: कोल्हापुरात बांधकाम परवाना कसा घ्यावा

कोल्हापुरात घर बांधायचे ठरले की बहुतेक कुटुंबे आधी गवंडी पाहतात, मग खोल्यांची मांडणी ठरवतात आणि पायाखोदाईचा मुहूर्त निघाल्यावर परवान्याचा विचार करतात. हा क्रम उलटा आहे. गेली वीस वर्षे या शहरात आणि भोवतालच्या गावांत नकाशे तयार करून मंजुरीला लावण्याचे काम मी करतो आहे, आणि अडकून पडलेल्या बहुतेक प्रस्तावांचे दुखणे मला नकाशात नव्हे, तर जागेच्या कागदांत सापडले आहे. कागदावरचे नाव, कागदावरचे क्षेत्र आणि जमिनीवरची प्रत्यक्ष हद्द या तीन गोष्टी एकमेकींशी जुळल्या की परवाना हे वेळ घेणारे, पण सरळ काम ठरते.

पहिला प्रश्न असा की अर्ज नेमका कोणाकडे करायचा. जागा शहराच्या हद्दीत असेल तर नियोजन प्राधिकरण म्हणजे कोल्हापूर महानगरपालिका, आणि प्रस्ताव तिच्या नगररचना विभागाकडे जातो. हद्दीला लागून असलेल्या करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतील 42 गावांसाठी 2017 मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले; तेथील अर्ज त्याच्याकडे जातो. पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी या भागांत प्लॉट घेणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी, कारण तेथील जुनी माणसे अजूनही ग्रामपंचायतीचा दाखला म्हणजेच परवाना असे सांगतात. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला हा बांधकाम परवाना नव्हे. उजळाईवाडीच्या बाजूला विमानतळामुळे इमारतीच्या उंचीवरही बंधन येते, त्यामुळे तेथे मजले ठरवण्यापूर्वी त्याची चौकशी करावी.

आता कागदांकडे येऊ. शहरातील पेठांमध्ये आणि जुन्या वसाहतींत मालकीचा मुख्य अभिलेख म्हणजे मालमत्ता पत्रक, ज्याला आपण सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. ते नगर भूमापन कार्यालयाकडून मिळते आणि त्यावर वॉर्ड व सि.स. (सिटी सर्व्हे) नंबर असतो: शिवाजी पेठ ए वॉर्डात, मंगळवार पेठ बी वॉर्डात, राजारामपुरी ई वॉर्डात. उपनगरांत जेथे सिटी सर्व्हे झालेला नाही, तेथे रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) किंवा गट नंबराचा सातबारा चालतो. उतारा ताजा असावा आणि त्यावर आजच्या मालकाचे नाव असावे. घरफाळ्याची पावती मालकी सिद्ध करत नाही, तसेच नोंदणीकृत खरेदीखत असूनही फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, झालेला नसेल तर तेवढ्यावर प्रस्ताव पुढे सरकत नाही.

याचे एक उदाहरण सांगतो. मंगळवार पेठेतील एक जुने कौलारू घर, दगडी जोत्याचे आणि मातीच्या भिंतींचे, पाडून तेथे दोन मजली घर बांधायचे होते. मालक माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कार्ड होते आणि त्यावर अजून त्यांच्या आजोबांचे नाव होते. आजोबांना चार मुले, त्यांतील दोघे हयात नाहीत, एक आत्या लग्न होऊन निपाणीला. वारस नोंद लावून सर्वांच्या सह्या गोळा करायला पावणेदोन वर्षे गेली, आणि त्यानंतर मोजणी केली तेव्हा कार्डावरच्या 84 चौरस मीटरपैकी जागेवर 79 भरले. उरलेली जागा शेजाऱ्याच्या न्हाणीघराखाली होती. नकाशा काढायला मला त्यानंतर जेमतेम आठवडा लागला. वाटपाचा आणि वारसांचा प्रश्न घरातच सुटण्यासारखा असेल तर तो आधी सोडवावा, आणि एकापेक्षा अधिक मालक असतील तर सर्वांची संमती किंवा एकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र तयार ठेवावे.

मोजणीबाबत मी कधीच तडजोड करत नाही. भूमी अभिलेख विभागाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा, मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहावे, शेजाऱ्यांनाही बोलवावे आणि खुणा दगडाने पक्क्या करून त्यांचे फोटो काढून ठेवावेत. मोजणी नकाशाची क प्रत प्रस्तावाला जोडावी लागते. पेठांतील घरांना सामाईक भिंती आणि सामाईक बोळ असतात. भिंत कोणाची, बोळाचा वापर कोणाचा, हे मोजणीच्या वेळीच बोलून घेतले तर पुढे पाडकाम सुरू झाल्यावर भांडण होत नाही.

त्यानंतर झोन दाखला आणि भाग नकाशा घ्यावा. विकास आराखड्यात आपली जागा निवासी विभागात आहे का, तिच्यावर शाळा, उद्यान किंवा रस्त्याचे आरक्षण आहे का, समोरचा रस्ता किती रुंद दाखवला आहे, हे या दोन कागदांवरून कळते. जुन्या गल्ल्यांत रस्ता प्रत्यक्षात सहा मीटर आणि आराखड्यात नऊ मीटर असे अनेकदा असते. अशा वेळी रुंदीकरणात जाणारी पट्टी सोडूनच नवे घर मागे घ्यावे लागते. सौदा करण्यापूर्वीच हे दोन कागद पाहणारा माणूस फसत नाही, म्हणून प्लॉट घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी नगररचना विभागात पाठवतो.

कोल्हापुरात याच टप्प्यावर पुराचा विचार करावा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 मध्ये नदी या पातळीच्या कितीतरी वर गेली, आणि शुक्रवार पेठ, दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्ली, नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नर या भागांत पाणी घरांत शिरले. जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषांपैकी निळी रेषा ही साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्ट्यात नवे बांधकाम निषिद्ध आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम होऊ शकते, पण राहण्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंच ठेवावी लागते. या अटीमुळे तळमजला मोकळा सोडून त्यावर घर उचलावे लागते आणि खर्च वाढतो. तरीही 2021 च्या जुलैत छतावर बसून बोटीची वाट पाहिलेल्या कुटुंबांना मी भेटलो आहे. ही अट कोणी जाचक म्हणून टाळू पाहिली तर मी त्याचे काम घेत नाही. जयंती नाल्याच्या काठच्या जागांनाही हीच काळजी लागू आहे, कारण नदी फुगली की नाल्याचे पाणी उलटे फुगते.

उपनगरांतील दुसरी मोठी अडचण गुंठेवारीची आहे. शेतीचे तुकडे पाडून गुंठ्या-दोन गुंठ्यांनी विकलेले प्लॉट, ज्यांचा रेखांकन (लेआउट) नकाशाच मंजूर नाही, अशांवर थेट परवाना मिळत नाही. 2001 च्या गुंठेवारी अधिनियमात 2021 मध्ये सुधारणा होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारी विकासाला नियमितीकरणाचा मार्ग खुला झाला. आपला प्लॉट त्यात बसत असेल तर आधी नियमितीकरणाचे प्रमाणपत्र घ्यावे आणि मगच घराचा प्रस्ताव दाखल करावा.

कागद पूर्ण झाल्यावर परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंता नेमावा. मोठ्या घरासाठी संरचना अभियंत्याची स्वतंत्र जबाबदारी असते आणि तेथे पैसे वाचवू नयेत. कोयनेचा भूकंप येथील ज्येष्ठांच्या अजून स्मरणात आहे. नकाशा एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार, म्हणजे बोलीभाषेत युडीसीपीआरनुसार, तयार होतो. ही नियमावली डिसेंबर 2020 पासून मुंबई वगळता राज्यातील बहुतेक भागांत लागू आहे. तिच्यानुसार दाट वस्तीबाहेरच्या क्षेत्रात मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते) 1.10 आहे; रस्त्याच्या रुंदीनुसार अधिमूल्य (प्रीमियम) भरून त्यात वाढ मिळते. पूर्वी बाल्कनी आणि जिना मोजणीतून सुटत असत, आता इमारतीच्या बाह्य रेषेच्या आतील क्षेत्र धरले जाते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी भावाने बांधलेल्या घराचा हिशेब आपल्याला लावू नये. राहण्याच्या खोलीची उंची किमान 2.75 मीटर लागते, आणि चारी बाजूंची सामासिक अंतरे, म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा, किती सोडायची हे प्लॉटचे क्षेत्र, रस्ता आणि भाग यांवर ठरते.

लहान प्लॉटधारकांसाठी याच नियमावलीत मोठी सवलत आहे. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर नियमात बसणारे घर बांधताना तांत्रिक व्यक्तीने प्रमाणित केलेला नकाशा सादर करून शुल्क भरले की ती पावतीच परवानगी धरली जाते, आणि 150 ते 300 चौरस मीटरच्या प्लॉटसाठी दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. दीड गुंठ्याचा प्लॉट म्हणजे जवळपास 152 चौरस मीटर. तेवढ्या दोन मीटरसाठी सवलतीचा पहिला टप्पा हुकतो, म्हणून मोजणीतील नेमका आकडा येथेही महत्त्वाचा ठरतो. सवलत कार्यपद्धतीची आहे, नियमांची नाही. सामासिक अंतर न सोडता बांधलेले घर पावती असली तरी अनधिकृतच राहते.

दुरुस्तीच्या कामांत लोक दोन टोकांना जातात. गिलावा, रंग, फरशी, जुनी कौले काढून त्याच उंचीवर नवी बसवणे, आहे त्या जागी दार-खिडकी बदलणे, अशा कामांना परवाना लागत नाही. मात्र कौलाच्या जागी स्लॅब टाकणे, वरचा मजला चढवणे, खांब किंवा तुळई काढणे, पार्किंगच्या जागेत दुकान काढणे, ही कामे दुरुस्तीच्या नावाखाली बसत नाहीत. आवारात झाड तोडायचे असेल तर 1975 च्या वृक्ष अधिनियमाखाली वेगळी परवानगी घ्यावी.

प्रस्ताव आता ऑनलाइन दाखल होतो. छाननी शुल्क भरल्यावर त्रुटी असल्यास त्रुटीपत्र येते आणि सर्व त्रुटींचे उत्तर एकाच वेळी, मुद्देसूद आणि लेखी द्यावे. एकेक कागद नेऊन देण्याने फाइल दर वेळी नव्याने रांगेत जाते. मंजुरीच्या वेळी विकास शुल्क, जे शीघ्र सिद्धगणकातील (रेडी रेकनर) जमिनीच्या दराशी बांधलेले असते, कामगार कल्याण उपकर आणि अनामत रकमा भराव्या लागतात. त्यांची तरतूद बांधकामाच्या अंदाजपत्रकात सुरुवातीलाच करावी. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार 60 दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे मानले जाते, परंतु ही मुदत त्रुटींच्या उत्तरापासून मोजली जाते आणि नकाशा नियमात तंतोतंत बसत असेल तरच लागू होते, त्यामुळे त्या भरवशावर पाया खोदू नये. त्याऐवजी 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अपील करावे. बांधकाम परवाना, जोते प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र (पूर्ण झालेल्या घरात राहण्याची परवानगी) या अधिसूचित सेवा आहेत. परवानगी नाकारली गेल्यास आदेश कळल्यापासून 40 दिवसांत शासनाकडे अपील करता येते.

प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करण्याची परवानगी, एका वर्षासाठी असते आणि काम जोत्यापर्यंत आलेले नसेल तर मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करून घ्यावे लागते. मंजूर नकाशाची प्रत जागेवर ठेवावी. जोते पूर्ण होताच तपासणी मागावी आणि तिचे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत खांब वर नेऊ नयेत, कारण हद्दीची चूक जोत्यावर दोन दिवसांत सुधारता येते, स्लॅबवर नाही. काम चालू असताना एखादी खोली वाढवावीशी वाटली, तर आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा. घरफाळा विभागाने वाढीव बांधकामाची आकारणी केली म्हणून ते अधिकृत होत नाही. उलट महानगरपालिका अधिनियमात अनधिकृत बांधकामावर घरफाळ्याशिवाय शास्तीची, म्हणजे दंडाची, तरतूद आहे.

शेवटचा टप्पा भोगवटा प्रमाणपत्राचा असतो आणि तोच सर्वांत अधिक टाळला जातो. वास्तुशांत होते, माणसे राहायला येतात आणि अर्ज राहून जातो. पंधरा वर्षांनी मुलगा घरावर कर्ज काढायला जातो किंवा मजला चढवायला निघतो, तेव्हा पहिली मागणी याच कागदाची होते, आणि तोवर ज्याने पूर्णत्वाचा दाखला द्यायचा तो अभियंता गाठणेही अवघड झालेले असते. म्हणून पूर्णत्वाचा दाखला वास्तुशांतीपूर्वी दाखल करावा, भोगवटा प्रमाणपत्र मंजूर नकाशा, क प्रत आणि शुल्काच्या पावत्यांसोबत एका फाइलमध्ये लावावे, आणि ती फाइल पुराच्या पातळीपेक्षा वरच्या मजल्यावर ठेवावी.